थीमचे रंग व्हेरिएबलने बदलताना: कामाचा क्रम आणि नेमकं फसतं कुठे

संकेतस्थळाच्या थीमचे रंग बदलायला बसलेली बहुतेक मंडळी आधी रंग निवडतात आणि मग तो कुठे टाकायचा ते शोधतात. मग ठरलेल्या तक्रारी येतात: अर्धं पान बदललं, अर्धं जुनंच राहिलं, बटणावरची अक्षरं गायब झाली, थीम अपडेट केली आणि सगळं पुसलं गेलं. हे टाळायचं तर क्रम उलटा हवा. कुठला रंग कुठून येतो ते आधी शोधायचं, मग रंगांना कामं वाटून द्यायची आणि आकडे त्यानंतर.

उदाहरणासाठी वर्डप्रेसची ‘ट्वेंटी ट्वेंटी-वन’ ही थीम घेतली आहे. डिसेंबर २०२० मध्ये वर्डप्रेस ५.६ सोबत ती आली. तिचे जवळजवळ सगळे रंग व्हेरिएबलमध्ये (एकदा किंमत ठरवून अनेक ठिकाणी वापरता येणाऱ्या नावांत) असल्यामुळे शिकायला ती सोपी आहे. तुमची थीम दुसरी असेल तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

लिहिण्याची सोय म्हणून एक गोष्ट ठरवून घेऊ. सीएसएसमधले (पानाचं रंग-रूप ठरवणाऱ्या भाषेतले) ‘रूट’ (पानाचा सर्वांत वरचा घटक), ‘व्हार’ (व्हेरिएबलची किंमत आणणारा शब्द), ‘एचएसएल’ (रंग आकड्यांत लिहिण्याची एक पद्धत) असे शब्द आणि थीमची स्वतःची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजीतच लिहायची. याउलट दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी `--पान`, `--मजकूर` ही नावं आपण ठेवलेली आहेत, ती जशीच्या तशी देवनागरीत चालतात. सीएसएसला त्याचं वावडं नाही, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी.

## टप्पा १: बदल कुठे लिहायचे ते ठरवा

मूळ थीमच्या स्टाइलशीटला (सीएसएसचे नियम असलेल्या फाइलला) हात लावू नका. अपडेट आलं की ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि तुमचे बदल जातात.

फक्त रंग बदलायचे असतील तर अपीअरन्समधून कस्टमाइझ उघडा आणि ‘ॲडिशनल सीएसएस’ वापरा. ते डेटाबेसमध्ये साठतं, थीमच्या अपडेटने पुसलं जात नाही आणि पानात थीमच्या स्टाइलशीटनंतर छापलं जातं. त्यामुळे दोन्हीकडे सारख्याच ताकदीचा नियम असेल तर तुमचा जिंकतो. रंगांपलीकडे टेम्प्लेटही बदलायचे असतील तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली वेगळी थीम) करा, पण नुसत्या सात-आठ रंगांसाठी तो व्याप मला अनाठायी वाटतो.

एक लक्षात ठेवा: ॲडिशनल सीएसएस त्या-त्या थीमशी बांधलेलं असतं. थीम बदलली की ते दिसेनासं होतं, जुन्या थीमवर परतलात की पुन्हा हजर. म्हणून त्याची एक प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: कस्टमाइझमधल्या रंगांच्या विभागात पार्श्वभूमीचा रंग कधी निवडून ठेवला होता का? असेल तर तो मूळ रंगावर परत आणा. तो निवडलेला रंग वर्डप्रेस बॉडीवर (पानावर दिसणारं सगळं ज्याच्या आत असतं त्या घटकावर) थेट छापतं, व्हेरिएबलमधून नाही. तुम्ही व्हेरिएबल कितीही बदला, पान जुन्याच रंगाचं राहणार. या थीमची स्वतःची डार्क मोडची सोयही याच विभागात आहे. ती सध्या बंदच असू द्या, नाहीतर दोन रंगसंगती एकमेकींवर चढतील.

## टप्पा २: कुठला रंग कुठून येतो ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या.

क्रोममध्ये पानावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. मजकुराचा एक परिच्छेद निवडा. उजवीकडे नियमांची यादी दिसते. तिथे रंगासमोर ‘व्हार’ आणि कंसात ‘ग्लोबल कलर प्रायमरी’ असं नाव दिसेल. आता यादीत खाली, रूटच्या नियमापर्यंत जा. ‘प्रायमरी’समोर रंग नाहीच, तिथे आणखी एक व्हार आहे: ‘ग्लोबल कलर डार्क ग्रे’. त्याच्यासमोर मात्र खरा रंग आहे, गडद निळसर राखाडी. एचएसएलमध्ये तो साधारण `217 21% 20%` असा येतो.

म्हणजे साखळी आहे: परिच्छेद → प्रायमरी → डार्क ग्रे → खरा रंग. पार्श्वभूमीचंही तसंच. ‘ग्लोबल कलर बॅकग्राउंड’ हे ‘ग्लोबल कलर ग्रीन’कडे बोट दाखवतं आणि ग्रीन म्हणजे `158 26% 86%`, या थीमचा तो ओळखीचा पुदिन्यासारखा हिरवा.

साखळीत हात कुठे घालायचा? शेवटच्या कडीत म्हणजे ‘डार्क ग्रे’त किंवा ‘ग्रीन’मध्ये घालू नका. ग्रीन हा संपादकाच्या रंगपेटीतलाही एक रंग आहे. तो बदललात तर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी हिरवी केलेली चौकट एकाएकी पांढरट होईल. मधली, कामाचं नाव असलेली कडी बदला: बॅकग्राउंड, प्रायमरी, बॉर्डर.

आता एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे पानावर दिसणारी वस्तू, उजवीकडे तिला रंग देणारं व्हेरिएबल. पान, मजकूर, दुवे, बटण, बटणावरची अक्षरं, रेघा, तारीख आणि फोटोखालच्या ओळी, फॉर्मच्या चौकटी एवढं पुरतं. करता करता एक गोष्ट समोर येईल: या थीममध्ये दुवे आणि साधा मजकूर दोघांनाही प्रायमरीच रंग देतं, दुवा ओळखू येतो तो फक्त अधोरेखेमुळे. दुव्यांना वेगळा रंग हवा असेल तर नुसतं व्हेरिएबल बदलून भागणार नाही, एक नियम वेगळा लिहावा लागेल.

सूचना: काही रंग व्हेरिएबलमधून येतच नाहीत. संपादकात एखाद्या ब्लॉकला रंगचक्रातून हाताने दिलेला रंग त्या ब्लॉकच्या एचटीएमएलमध्ये थेट लिहिला जातो. ड्रॉपडाऊनचा बाण स्टाइलशीटमध्ये चित्र म्हणून कोंबलेला असेल तर त्याच्या आत व्हेरिएबल पोचत नाही. अशा वस्तूंची वेगळी यादी करा. अर्धं पान बदललं नाही म्हणून जी ओरड होते, ती बहुतेक वेळा या यादीतल्या वस्तूंबद्दलच असते.

## टप्पा ३: आधी कामं, मग आकडे

व्हेरिएबलला रंगाचं नाव देऊ नका. `--निळा` असं नाव ठेवलंत आणि सहा महिन्यांनी दुवे तांबडे केलेत, तर फाइलमध्ये `--निळा` नावाचा तांबडा रंग नांदायला लागेल. काम सांगणारी नावं ठेवा:

`--पान: 40 30% 97%;`
`--मजकूर: 217 21% 20%;`
`--फिकट: 217 10% 40%;`
`--दुवा: 24 100% 30%;`
`--बटण: 30 100% 60%;`
`--बटणमजकूर: 217 21% 20%;`
`--रेघ: 40 15% 80%;`

हे सगळं रूटच्या महिरपी कंसात जातं. इथे मुद्दाम पूर्ण रंग न लिहिता नुसते तीन आकडे ठेवले आहेत: रंगछटेचा कोन, गडदपणा नव्हे तर रंगाचा भडकपणा दाखवणारे टक्के आणि उजेडाचे टक्के. वापरताना ते एचएसएलच्या कंसात घालायचे: एचएसएल(व्हार(--दुवा)). फायदा असा, की तोच रंग अर्धपारदर्शक हवा असेल तर नवीन व्हेरिएबल लागत नाही, एचएसएल(व्हार(--मजकूर) / 0.15) लिहिलं की सावलीचा रंग तयार. तोटाही आहे: नुसते आकडे पाहून ब्राउझरला तो रंग आहे हे कळत नाही, त्यामुळे इन्स्पेक्टमध्ये या ओळींसमोर रंगाचा छोटा चौकोन दिसत नाही.

जुना हेक्स रंग (`#` ने सुरू होणारा) एचएसएलमध्ये हवा असेल तर इन्स्पेक्टमध्ये त्याच्या चौकोनावर शिफ्ट दाबून क्लिक करा, लिहिण्याची पद्धत बदलता येते.

मराठीत टाइप करणाऱ्यांना हमखास अडवणाऱ्या तीन गोष्टी:

आकडे `0` ते `9` असेच हवेत. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि ४० असं टाइप झालं, तर सीएसएसच्या लेखी तो आकडाच नाही. कुठे चूक दाखवली जात नाही, रंग फक्त लागत नाही.

नावं जोडाक्षरांशिवाय ठेवा. `ऱ्ह` सारखं अक्षर दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून आतून वेगळं टाइप होऊ शकतं. दिसायला एक, पण सीएसएससाठी ती दोन वेगळी नावं. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं चिन्हही घालतात. वरच्या सात नावांत एकही जोडाक्षर नाही ते यासाठीच.

थीमची इंग्रजी नावं टाइप करू नका, फाइलमधून कॉपी करा. त्यांत ‘ग्लोबल’च्या आधीही दोन आडव्या रेघा आहेत आणि नंतरही दोन, पुढे मात्र एकेक. डोळ्यांना फरक कळत नाही. शिवाय व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद धरला जातो.

तपासा: प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे ना? साध्या नियमात अर्धविराम राहिला तर ब्राउझर ती जोड चूक समजून टाकून देतो. व्हेरिएबलमध्ये मात्र जवळजवळ काहीही मजकूर चालतो, त्यामुळे पुढची ओळ आधीच्या व्हेरिएबलची किंमत म्हणून गिळली जाते. एक अर्धविराम राहिला की दोन रंग जातात आणि त्यातला दुसरा का गेला ते लवकर लक्षात येत नाही.

## टप्पा ४: जोडण्याआधी कॉन्ट्रास्ट मोजा

आकडे ठरले, पण अजून थीमला जोडायचे नाहीत. आधी जोड्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतल्या उजेडाच्या फरकाचं प्रमाण, मोजा: मजकूर-पान, फिकट-पान, दुवा-पान, बटणमजकूर-बटण.

डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीतल्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला ४.५ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ला १ इतकं प्रमाण किमान लागतं. मोठी अक्षरं म्हणजे २४ पिक्सेलपासून पुढे, किंवा ठळक असतील तर साधारण १८.७ पिक्सेलपासून. पांढऱ्यावर राखाडी अक्षरांची सीमा किती बारीक आहे पाहा: `#767676` ला ४.५४ मिळतात, `#777777` ला ४.४८. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर जाऊ नका.

एचएसएलमधला उजेडाचा आकडाही फसवा आहे. पिवळा `60 100% 50%` आणि निळा `240 100% 50%` दोघांचा उजेड ५० टक्केच. पण पांढऱ्यावर त्या पिवळ्याला जेमतेम १.०७ मिळतात, निळ्याला ८.५९. म्हणून निळ्या दुव्याची नुसती छटा फिरवून पिवळा-केशरी करू नका. छटा फिरली की उजेड पुन्हा ठरवावा लागतो.

मराठी संकेतस्थळांवर हे घडतं ते भगव्या रंगाबाबत. झेंड्यासारखा केशरी, `30 100% 60%`, पांढऱ्यावर शीर्षक किंवा दुवा म्हणून लावला तर प्रमाण भरतं २.१. मोठ्या अक्षरांनाही ते पुरत नाही. मग काय, भगवा सोडायचा? नाही, त्याची जागा बदलायची. तोच केशरी पार्श्वभूमीला ठेवून त्यावर गडद अक्षरं घातली तर ६.२ मिळतात, म्हणून वरच्या यादीत तो `--बटण` झाला. अक्षरांसाठी त्याच घराण्यातला काळवंडलेला `24 100% 30%` घेतला. आपल्या पानावर त्याला साधारण ६.५ मिळतात. मजकुराला १२.५ च्या आसपास आणि `--फिकट`ला साडेपाचच्या वर मिळतात, तेव्हा तिथे काळजी नाही. केशरी बटणावर पांढरी अक्षरं बघायला कितीही आवडली तरी घालू नका.

देवनागरीसाठी मी या किमान आकड्यांवर थांबत नाही. बारीक फाँटमध्ये अनुस्वार आणि रफार आधी विरतात. ‘आत’ आणि ‘आंत’ यांतला फरक एका टिंबाचा असतो. तारखा आणि फोटोखालच्या ओळींनाही निदान पाच तरी मिळतील असं पाहा.

## टप्पा ५: थीमच्या नावांना जोडा

त्याच रूटच्या कंसात, आपल्या सात ओळींच्या खाली:

- ‘ग्लोबल कलर बॅकग्राउंड’ला एचएसएल(व्हार(--पान))
- ‘ग्लोबल कलर प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ला एचएसएल(व्हार(--मजकूर))
- ‘ग्लोबल कलर बॉर्डर’ला एचएसएल(व्हार(--रेघ))
- ‘बटन कलर बॅकग्राउंड’ला एचएसएल(व्हार(--बटण))
- ‘बटन कलर टेक्स्ट’ला एचएसएल(व्हार(--बटणमजकूर))

एकेक ओळ घाला आणि पान बघा. सगळं एकदम चिकटवलंत तर बिघडलं कशाने ते शोधत बसाल.

लेखाच्या मजकुरातल्या दुव्यांसाठी खाली वेगळा नियम लिहा आणि त्यात `--दुवा` वापरा. `--फिकट`चंही तसंच, तारीख आणि फोटोखालच्या ओळींना तो वेगळ्या नियमाने द्यावा लागेल. दुव्याच्या नियमातच ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ने अधोरेखा थोडी खाली सरकवा, ०.२५ ईएमपासून (अक्षराच्या आकाराच्या पाव भागापासून) सुरुवात करा. अक्षरांना चिकटलेली रेघ उकार आणि ऋकार कापत जाते, ‘कुठे’ आणि ‘कृती’ दोन्ही वाचायला त्रास होतो. पण रेघ काढून टाकू नका, कारण मग दुवा आणि मजकूर यांतला फरक केवळ रंगावर उरतो.

इथली सगळ्यात मोठी चूक: ओळी रूटऐवजी बॉडीवर किंवा एखाद्या विभागावर लिहिणं.

व्हेरिएबल जिथे लिहिलं असेल तिथेच त्याच्या आतला व्हार सोडवला जातो. थीमने रूटवर लिहिलंय, की प्रायमरी म्हणजे डार्क ग्रे. ती किंमत रूटवरच ठरली आणि ठरलेला रंग वारशाने खाली उतरला. आता तुम्ही बॉडीवर डार्क ग्रे बदललात, तर बॉडीच्या आत डार्क ग्रे नवा असेल, पण प्रायमरी जुनाच. तो वरूनच ठरून आला आहे. इन्स्पेक्टमध्ये तुमची ओळ दिसते, खोडलेली नाही, तरी पान हलत नाही. लोक मग ‘इम्पॉर्टंट’ (नियमाला इतरांवर मात करायला लावणारा शब्द) जोडतात. त्याने काही होत नाही, कारण इथे दोन नियमांचं भांडणच नाही.

उपाय सरळ आहे. सगळं रूटवर लिहा. फक्त एका विभागाचे रंग वेगळे हवे असतील तर त्या विभागावर मूळ आणि त्यावर बेतलेली, दोन्ही व्हेरिएबल पुन्हा लिहा.

रंग लागला नाही तर लक्षणावरून ओळखा: पार्श्वभूमी पारदर्शक झाली किंवा अक्षरांनी बाहेरच्या डब्याचा रंग घेतला, तर व्हारमध्ये आलेली किंमत रंग म्हणून चालत नाहीये. बहुतेक वेळा एचएसएलचा कंस विसरलेला असतो. दुव्याच्या नियमासारख्या साध्या नियमात ‘व्हार’ आणि कंस यांच्यात जागा सुटली असेल तर मात्र ती ओळच बाद होते आणि थीमचा आधीचा रंग दिसत राहतो. व्हारमध्ये स्वल्पविरामानंतर दिलेला पर्यायी रंग इथे मदतीला येत नाही. तो फक्त व्हेरिएबल अस्तित्वातच नसेल तेव्हा लागतो. व्हेरिएबल आहे पण त्यात कचरा आहे, अशा वेळी नाही.

## टप्पा ६: गडद रंगसंगती (हवी असेल तरच)

उजेडातली संगती पूर्ण बसल्याशिवाय इकडे वळू नका.

‘प्रेफर्स-कलर-स्कीम’ ही मीडिया अट (वाचकाच्या यंत्रावर गडद मोड असेल तेव्हाच आतले नियम लागू करणारी) लावा, तिच्या आत पुन्हा रूट लिहा आणि फक्त आपली सात व्हेरिएबल बदला. थीमच्या नावांना इथे हात लावावा लागत नाही, जोडणी आधीच झालेली आहे. उदाहरणार्थ `--पान: 217 20% 12%;`, `--मजकूर: 40 15% 88%;`, `--दुवा: 30 90% 68%;`. बटण होतं तसंच चालेल. रूटवर ‘कलर-स्कीम’ ला ‘लाइट डार्क’ ही किंमतही द्या, म्हणजे स्क्रोलबार आणि फॉर्मच्या चौकटी ब्राउझर स्वतः जुळवून घेईल.

मीडिया अटीच्या आत व्हार चालत नाही. अमुक रुंदीला रंग बदलायचा असेल तर रुंदीचा आकडा तिथे थेटच लिहावा लागतो.

बटण दाबून गडद करायची सोय देणार असाल तर त्यासाठीचा सीएसएस वर्ग (क्लास) बॉडीवर नव्हे, एचटीएमएल या मूळ घटकावर लावा. कारण मागच्या टप्प्यातलंच. आणि छपाई बघा: ब्राउझर सहसा पार्श्वभूमी छापत नाही, त्यामुळे गडद संगतीतली फिकट अक्षरं कागदावर पांढऱ्यावर पांढरी येऊ शकतात. गडद नियम ‘स्क्रीन’ या माध्यमापुरते ठेवा.

तपासायला मोबाइलची सेटिंग बदलत बसू नका. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘रेंडरिंग’मध्ये गडद-उजळ दोन्ही आणि रंगांधत्वाचे प्रकारही दाखवता येतात.

## टप्पा ७: प्रकाशित केल्यावर

कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान ताजं करा. कॅशिंगचं (पानाच्या तयार प्रती साठवून दाखवणारं) प्लगइन असेल तर त्याचा साठा रिकामा करा आणि मगच बदल दिसतो का ते ठरवा. तुम्ही लॉगिन असताना बऱ्याचदा कॅश लागतच नाही, म्हणून खाजगी खिडकीत, लॉगिन न करता पाहा.

मुखपृष्ठावर समाधान मानू नका. ही पानं उघडा: एक लांब लेख, शोधाचं रिकामं उत्तर, ४०४चं पान, प्रतिक्रियांचा फॉर्म आणि जुन्यात जुनी एखादी नोंद. मग माऊस बाजूला ठेवून टॅब दाबत वरपासून खालपर्यंत जा. फोकस झालेल्या दुव्यामागे थीम कधी कधी थेट लिहिलेला पांढरट रंग लावते आणि गडद पानावर ते अक्षर वाचता येत नाही. असं सापडलं की टप्पा २ मधल्या वेगळ्या यादीत ते जोडा आणि त्या एकेका वस्तूसाठी खाली स्वतंत्र नियम लिहा, आपल्याच सात नावांपैकी एक वापरून. आठवं व्हेरिएबल तेव्हाच काढा, जेव्हा या सातांपैकी कुणाचंच काम त्या वस्तूशी जुळत नाही.